पिस्तुलाचं चौथं घर

स्लेट फोर्क ओढ्याच्या काठी, जिथे पूर्वी कोळशाचे ट्रक तोलले जायचे, त्या मोकळ्या जागेवर दर शुक्रवारी जुना बाजार भरतो. कुणी टेबल मांडतं, कुणी ट्रकचं मागचं फळकूट पाडून त्यावरच दुकान लावतं. चाकू, करवती, मधाच्या बरण्या, हातानं शिवलेल्या गोधड्या आणि अर्थातच बंदुका-पिस्तुलं. आमच्या या डोंगरात नवरा जुनं पिस्तूल घेऊन घरी आला की बायको आधी किंमत विचारत नाही. "डेल्मरनं बघितलं का?" एवढंच विचारते.

डेल्मर स्टिडमनं तीस वर्षं खाणीत वायरमनचं काम केलं आणि आता पेन्शन खातो. पिस्तूल बघण्याचे त्यानं कधी पैसे घेतले नाहीत. फार तर एखादी कॉफी. पिस्तूल हातात आलं की आधी तो ते रिकामं आहे ना याची दोनदा खात्री करायचा, मग चष्मा कपाळावर ढकलायचा. पहिल्यांदा स्क्रूंची डोकी. ती ओरबाडलेली असली की समजायचं, कुणीतरी जेवणाच्या टेबलावर बसून हौसेनं उघडलंय. मग लोखंडावर कोरलेली अक्षरं. त्यांच्या कडा गोलसर झाल्या असतील तर गंज घासून वरून काळं पॉलिश चढवलंय. मग गोळ्यांचं चक्र बाहेर काढून, बुडाशी पांढरा कागद धरून नळीत डोकावायचं. आणि सगळ्यात शेवटी, बघे लोक ज्याच्यासाठी गप्प होत ते. चक्र आत बसवून त्यावर डाव्या हाताचं बोट हलकंच टेकवायचं आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा पुरता मागे यायच्या आत खालची खुंटी चक्राच्या खाचेत टक् करून पडली पाहिजे. चक्रात पाच घरं, तर पाच वेळा टक्. एका जरी घराला ती पडली नाही तर त्या घराचं भोक नळीशी जुळत नाही. गोळी काठाला घासते, शिशाचे कपचे बाजूला उडतात आणि धरणाऱ्याच्या हातात नाहीतर डोळ्यात जातात.

हे सगळं झाल्यावर मगच डेल्मर आकडा सांगायचा. "साठाचं आहे. ऐंशी मागतोय तर हसून पुढे जा."

आमच्याकडे अदलाबदलीचा नेम वेगळा आणि बघण्याचा वेगळा. दोन पुरुष अदलाबदल करायला उभे राहिले की ज्यानं त्यानं आपापले डोळे वापरायचे. विचारलं नाही तर सांगायचं नाही, विचारलं तर खोटं बोलायचं नाही. त्यात फसला तो हसतो, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी फसवतो, पाप लागत नाही. पण पिस्तूल 'बघ' म्हणून हातात दिलं की गोष्ट बदलली. मग ती साक्ष झाली. डेल्मर हे कुणाहीपेक्षा जास्त जाणत होता, कारण लिटल होप चर्चमध्ये गाण्याची ओळ द्यायचा मानही त्याचाच होता. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, पियानो नाही. एकानं ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत, वळवत, डोंगर चढल्यासारखी गायची. ज्याच्या ओळीमागे लोक गातात त्याच्या शब्दाला वजन असतं.

जानेवारीत डेल्मर शेजारच्या कौंटीतल्या बाजाराला गेला होता. थंडी कडाक्याची, हातात मोजे. एका अनोळखी माणसाकडे पाच घरांचं, अडतीस बोअरचं छोटंसं पिस्तूल होतं, आता बंद पडलेल्या कुठल्याशा स्वस्त कारखान्याचं. माणूस घाईत होता, बायको गाडीत आजारी आहे म्हणत होता. डेल्मरनं मोजे न काढताच चक्र फिरवलं आणि नव्वद डॉलर दिले. घरी येऊन शेगडीजवळ बसून सावकाश घोडा ओढला तेव्हा चौथ्या घराला टक् आली नाही. पुन्हा ओढला, आली नाही. दुरुस्तीला नव्वदच्या दुप्पट लागले असते. ते नव्वद डॉलर गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. डेल्मर स्टिडम फसला, हे बाजारात कळेल या विचारानं मात्र त्याला घाम फुटला.

म्हणून मार्चमध्ये त्यानं ते पिस्तूल ओव्हा कोम्ब्झला देऊन टाकलं आणि बदल्यात झाडं तोडायची मोटरची करवत घेतली. ओव्हा जुन्या सामानाचा धंदा करतो, त्याच चर्चमध्ये डेल्मरच्या शेजारी त्याच बाकावर बसतो. वर्षातून एकदा आमच्याकडे प्रभुभोजनाचा भाकर-द्राक्षरस झाल्यावर एकमेकांचे पाय धुतात. अठरा वर्षं डेल्मरचे पाय ओव्हानं धुतलेत आणि ओव्हाचे डेल्मरनं. ओव्हानं त्या दिवशी पिस्तुलाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. डेल्मरच्या हातून आलेल्या पिस्तुलात बघायचं काय? डेल्मर मनाशी म्हणाला, अदलाबदल आहे, त्यानं विचारलं नाही. करवत ट्रकमध्ये टाकून तो घरी आला. त्या रात्री त्याला झोप लागली, हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ओर्लीना हॉलकोम बाजारात आली. ती चर्चमधलीच, पन्नाशीची, विधवा. आडदरीतल्या घराघरांत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, हे तिचं काम. मागच्या आठवड्यात एका घरी म्हातारीचा नातू नशेत तिच्या अंगावर धावून आला आणि औषधांची पिशवी हिसकावून पळाला. तेव्हाच तिनं पिस्तूल घ्यायचं ठरवलं होतं.

"कुणाला मारायचं नाहीये मला," ती ओव्हाच्या ट्रकपाशी उभी राहून सांगत होती. "पर्समध्ये जरा जड काहीतरी असावं एवढंच. पिस्तूल आहे म्हणताना माणसं कशी सभ्य होतात."

ओव्हानं तिला दोन-तीन दाखवली, ती तिला मोठी वाटली, महागही. मग तिनं स्वतःच फळकुटाखालच्या लाकडी पेटीत हात घातला आणि तळातून एक छोटं पिस्तूल वर काढलं. हे किती, म्हणाली. ओव्हानं पिस्तुलाकडे पाहिलं. तंबाखू थुंकला, टोपी मागे सारली. मग म्हणाला, शंभर, पण आधी डेल्मरला बघू दे.

डेल्मर चार टेबलं पलीकडे उभा होता. ओर्लीनाच्या हातातल्या पिस्तुलाची मूठ त्यानं लांबूनच ओळखली. तो गेला. सवयीनं माणसं गोळा झाली. ओर्लीनानं पिस्तूल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "बघा हो डेल्मरभाऊ. माझ्या जिवाचा मामला आहे."

त्यानं रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं. चष्मा कपाळावर ढकलला. स्क्रू पाहिले, अक्षरं पाहिली, कागद धरून नळी पाहिली. तेवढं सगळं ठीकच होतं. या क्षणी तो काहीही म्हणू शकला असता. "हे नको" एवढे दोन शब्द पुरे होते. पण मग ओव्हा विचारणार, का? आणि मार्चमध्ये हे देताना तुला दिसलं नाही का? दिसलं नाही म्हणावं तर डेल्मरचे डोळे गेले. दिसलं म्हणावं तर चर्चमधल्या भावाला फसवलं. आजूबाजूला आठ-दहा माणसं उभी.

पहिलं घर त्यानं सावकाश ओढलं. टक्. दुसरं. टक्. तिसरं. टक्. चौथ्याला त्यानं चक्रावरचं बोट उचललं आणि अंगठ्यानं घोडा झटक्यात मागे आणला. झटक्यानं ओढला की चक्र स्वतःच्या वेगानं थोडं पुढे सरकतं आणि खुंटी पडल्यासारखी पडते. टक् आली. पाचवं पुन्हा सावकाश.

"मग?" ओर्लीनानं विचारलं.

"चांगलं आहे," डेल्मर म्हणाला. "शंभरला ठीक."

आवाज त्याचाच होता. ज्या आवाजात तो ओळ देतो तोच.

ओर्लीना पर्स उघडायला लागली तेवढ्यात ओव्हा कपाळावर हात मारून हसला. अगं ताई, म्हणाला, मी किती विसराळू. हे मी एकाला कबूल करून बसलोय, म्हणून तर तळात ठेवलं होतं. ट्रकच्या पुढच्या खणातून त्यानं स्वतःचं पिस्तूल काढलं, गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि तिच्यापुढे धरलं. हे घे, तेवढ्यातच. ते रोज त्याच्याबरोबर असायचं हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"हेपण बघायला पाहिजे ना डेल्मरभाऊंनी," ओर्लीना म्हणाली.

मग डेल्मरला तेही बघावं लागलं. स्क्रू शाबूत, अक्षरं धारदार, नळी आरशासारखी. पाच घरं, पाच वेळा टक्, बोट टेकवून, सावकाश. अडीचशेला कुणीही डोळे मिटून घेतलं असतं. तो मान वर न करता म्हणाला, "चांगलं आहे."

"काय बाई, आज सगळंच चांगलं!" ओर्लीना हसली. "देवानं आज बाजारावर हात ठेवलेला दिसतोय." तिनं पैसे दिले, पिस्तूल रुमालात गुंडाळलं आणि जाताजाता डब्यातली सफरचंदाची तळलेली करंजी डेल्मरच्या हातात ठेवली. "तुम्ही पैसे घेत नाही, हे तरी घ्या." गरम होती, साखर बोटांना चिकटली.

दुपारपर्यंत तो टेबलांमधून नुसताच फिरला. दोघांनी बघायला बोलावलं, त्यांना डोकं दुखतंय सांगितलं. गर्दी ओसरल्यावर त्यानं आपल्या ट्रकमधून ती मोटरची करवत काढली, ओव्हाच्या फळकुटावर आणून ठेवली आणि म्हणाला, अदलाबदल परत फिरवू या.

ओव्हा दोरीनं सामान बांधत होता. त्यानं करवतीकडे पाहिलं, डेल्मरकडे पाहिलं नाही.

"परत का फिरवायची? पिस्तूल चांगलं आहे की. आठ माणसांसमोर म्हणालास."

डेल्मरनं करवत आणखी थोडी पुढे सरकवली.

"मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं," ओव्हा म्हणाला. "चौथं घर. मी काय आंधळा आहे का रे, लेका? म्हणून तर तळात टाकलं. सुट्या भागांसाठी ठेवलं होतं, विकायला नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" ओव्हानं गाठ मारली, ओढून पाहिली. "मला वाटलं तुझे डोळे गेले. दोन महिने घरी बायकोला सांगतोय, डेल्मर म्हातारा झाला गं, आता त्याला टक् ऐकू येत नाही, कुणी त्याला सांगायचं. तिनं तर रडून घेतलं एकदा. आज ओर्लीनानं नेमकं तेच उचललं, मी म्हटलं बरं झालं, आज दुसऱ्यांदा हातात गेलं की त्याला आपणहून कळेल, मला काही बोलावं लागणार नाही." मग पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं. "आणि मग मी तुझा अंगठा पाहिला. डोळे एकदम शाबूत आहेत तुझे."

डेल्मरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओव्हानं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ओव्हानं करवत उचलून परत त्याच्या ट्रकमध्ये नेऊन ठेवली, सरपण तोडायला लागेल म्हणाला, आणि आपला ट्रक चालू करून निघून गेला.

घरी व्हर्डीनं, त्याच्या बायकोनं, मक्याचा कॉर्नब्रेड आणि बीन्स वाढल्या. तो जेवला नाही. ती करंजी तिनं खाल्ली, ओर्लीनाच्या हाताला चव आहे म्हणाली, आणि मग विचारलं की उद्या कुठली ओळ देणार आहेस. उद्या महिन्याची सभा आणि परवा पाय धुण्याचा रविवार. डेल्मर म्हणाला बघू. खरं तर तो तिच्यापासूनही तोंड लपवत होता. ओव्हाच्या स्वयंपाकघरात एक बाई डेल्मरच्या म्हातारपणावर रडली, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते रडणं त्यानं चोरलं होतं. पिस्तूल त्यामानानं काहीच नव्हतं.

शनिवारी लिटल होप भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये उपदेशकाचा कठडा. डेल्मरनं ओळ दिली, लोकांनी ती उचलली, आणि त्याला वाटलं, खोट्या नाण्यावर हे सगळे आपला माल देतायत. ओव्हा शेजारीच होता, नेहमीसारखा मोठ्यानं आणि बेसूर.

मग उपदेशक एल्झाभाऊ उभे राहिले. सत्तर वर्षांचे, हातात पुस्तक-कागद काही नाही, डोळे अर्धे मिटलेले. सुरुवात नेहमीसारखी, घसा बसलाय, आज माझ्याच्यानं काही होणार नाही, तुम्ही प्रार्थना करा. नुसतं बोलणं. मग बोलता बोलता शब्दांना ताल आला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वासाचा एक हुंकार, आणि पाहता पाहता बोलणं संपून गाणं झालं, कुठे झालं हे नेमकं कुणाला सांगता येत नाही. हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. वाटतं कुणीतरी तुमच्या छातीत हात घालून जुनं काही सैल करतंय. एल्झाभाऊ पापावर गायले नाहीत, न्यायावरही नाही. ते आपल्या आईबद्दल गायले, संध्याकाळी ती डोंगराच्या कडेला उभी राहून नऊही मुलांना नाव घेऊन हाक मारायची, चिखलानं भरलेलं असो की कपडे फाडून आलेलं असो, हाक एकाच सुरात. बायकांच्या बाजूला रडणं सुरू झालं. कुणीतरी कठड्याजवळ जाऊन एल्झाभाऊंना मिठी मारली, ते गातच राहिले.

एल्झाभाऊ कधी रागावतात याची डेल्मर वाट बघत होता. ते रागावले असते तर तो बसून राहू शकला असता.

उपदेश संपला, लोकांनी डोळे पुसले, आणि एल्झाभाऊंनी सभेचा नेहमीचा प्रश्न विचारला. सगळे भाऊ-बहिणी शांतीनं आहात का? कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का?

ओव्हा आपल्या बुटांकडे बघत होता. तो बोलणार नव्हता, आजही नाही, कधीच नाही. ते डेल्मरला कळलं आणि त्याला उठावंच लागलं.

"माझं आहे," तो म्हणाला. "अदलाबदलीत एक पिस्तूल..." आणि थांबला. अदलाबदलीपासून सुरुवात केली तर गोष्ट पुरुषांच्या हसण्याची झाली असती, हे त्याला जाणवलं. त्यानं पुढच्या बाकाची पाठ धरली.

"काल ओर्लीनाताईनं मला पिस्तूल बघायला दिलं. त्याचं चौथं घर बसत नव्हतं. मला माहीत होतं, ते आधी माझंच होतं. मी अंगठा झटकून ते लपवलं आणि चांगलं आहे म्हणालो. ओव्हानं तिला आपलं स्वतःचं दिलं नसतं तर ती ते घेऊन गेली असती. ओव्हाला मी मार्चमध्येच फसवलं होतं. मी फसलो हे तुम्हाला कळू नये म्हणून."

बाहेर कुणाचीतरी गाडी गेली. मागच्या बाकावरच्या कुणीतरी, ज्यानं मागच्याच वर्षी डेल्मरच्या शब्दावर बंदूक घेतली होती, पायावर पाय टाकला आणि परत खाली घेतला. डेल्मरला तो आवाज ऐकू आला. एल्झाभाऊंनी शांतपणे विचारलं, भाऊ माफी मागतायत का. डेल्मर म्हणाला, मागतोय. चर्चला नको वाटत असेल तर मी ओळ देणार नाही.

"ओळीचं देव बघेल," एल्झाभाऊ म्हणाले. "माफ करणाऱ्यांनी उजवा हात वर करा."

ओव्हाचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे. ओर्लीनाचा हात सगळ्यात शेवटी गेला, खांद्यापर्यंतच, आणि लवकर खाली आला. आमच्याकडे मग सगळे उठून गात गात एकमेकांचे हात हातात घेतात, रांगेनं, कुणी सुटायचं नाही. ओळ या वेळी डेल्मरनं दिली नाही, एका म्हाताऱ्या भावानं दिली. ओव्हा आला, हात हातात घेतला, दुसऱ्या हातानं डेल्मरच्या मानेवर एक टपली मारली. "उद्या मोजे फाटके घालून येऊ नकोस," एवढंच म्हणाला. डेल्मरला रडू आलं.

मग ओर्लीना आली. तिचा हात खरखरीत होता, रोज दहा माणसांना साबण लावणारा. तिनं त्याचा हात धरला आणि गाणं चालू असतानाच, कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "मला एक सांगा डेल्मरभाऊ. चांगलं आहे म्हणालात ना, त्या वेळी माझा विचार मनात आला होता का?"

हो म्हणणं सोपं होतं. आला होता ताई, आणि मी तो दाबला. तसं म्हटलं असतं तर दोघांनाही जरा बरं वाटलं असतं. डेल्मरनं तिच्याकडे पाहिलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "माझाच आला होता."

ओर्लीनानं मान हलवली, एखाद्या रोग्याचा ताप बघितल्यावर हलवते तशी. कडवं संपेपर्यंत तिनं हात सोडला नाही. मग सोडला आणि पुढच्या माणसाकडे वळली. रांग पुढे सरकली. एक हात आला, त्याच्यामागून दुसरा, म्हाताऱ्यांचे, खाणीत बोटं गेलेल्यांचे, ज्यांची पिस्तुलं त्यानं पाहिली होती त्यांचे. सगळ्यांनी माफ केलं होतं. डेल्मर मान खाली घालून एकेक हात घेत उभा राहिला.